कोळशाची आंघोळ

बायकोने चार वेळा "काही करू नका" असं बजावलेलं असताना मी फिल्टरचं कव्हर धुवायला काढलं, एवढीच माझी चूक. पुढचं सगळं त्या कव्हरच्या मागोमाग आपोआप होत गेलं. त्यात पोस्टमन आला, मालकीणबाई आल्या, हवालदार आले आणि शेवटी इतकी वर्षं जपलेलं माझं एकुलतं एक गुपित सगळ्यांसमोर उघडं पडलं. पण सुरुवात कव्हरने झाली, आणि त्या दिवशी बारा तारीख होती. दर महिन्याच्या बारा तारखेला कव्हर धुवायचं, असं नोंदवहीत मीच लिहून ठेवलेलं आहे. मी सतरा वर्षं रेकॉर्ड विभागात कारकून आहे. तारीख आली की मला राहवत नाही.

आमच्या मागच्या खोलीत बायको झाडं वाढवते. खोलीत ऊन येत नाही, त्यामुळे रोज चौदा तास दिवे जळतात आणि आम्ही दोघं पुढच्या खोलीत एका दिव्याखाली बसतो. ती शाळेत विज्ञान शिकवते. इतर बायकांसारखी तिला गुलाबाची वगैरे आवड असती तर मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो. तिला आवडतात कंद. तेही असे, की ज्यांची फुलं माश्यांना बोलावण्यासाठी सडक्या मांसासारखा वास सोडतात. (हे तिने सांगितलं म्हणून मला माहीत. का, ते पुढे येईलच.) गेल्या वर्षी त्यातलं एक छोटंसं फूल उमललं आणि वरच्या मजल्यावरून मालकीणबाई स्वयंपाक टाकून खाली आल्या. बाईंचं नाक असं आहे, की आम्ही अंगाचा साबण बदलला तर त्या जिन्यात थांबून "आधीचा बरा होता" म्हणतात. त्यांनी दारातूनच निकाल दिला.

"पुन्हा एकदा वास आला, की त्याच दिवशी ही सगळी झाडं अंगणात. मी स्वतः उभी राहून काढून घेईन."

अंगणात गार वारा असतो. अंगणात गेलं की कंद संपला, असं बायको म्हणाली. म्हणून मग फिल्टर आला.

फिल्टर म्हणजे दिसायला पत्र्याचा एक लांबट डबा. अंगभर भोकं, आत खड्याएवढ्या काळ्या कोळशाचा थर आणि बाहेरून पांढऱ्या कापडाचं कव्हर. तो छताला आडवा टांगलेला असतो. त्याच्या तोंडाला पंखा, पंख्याला चांदीसारखा पाइप आणि पाइपचं दुसरं टोक खिडकीच्या जाळीला. खोलीतली हवा आधी कापडातून आत जाते, धूळ तिथे अडते. मग कोळशातून जाते, वास तिथे अडतो. मग पंखा तिला ओढून पाइपातून बाहेर सोडतो. बायकोने मला हे तीन वेळा समजावलं, कारण देखभालीचं काम मी मागून घेतलं होतं. (त्या रविवारी माळा आवरायचा होता. मला दोन्हींतलं एकच काम झेपलं असतं.)

"कव्हर महिन्यातून एकदा धुवायचं आणि खडखडीत वाळल्यावरच चढवायचं," ती म्हणाली. "खोलीतला दमटपणा साठाच्या आत ठेवायचा, नाहीतर कोळसा वास धरत नाही. वर्ष झालं की अख्खा फिल्टर बदलायचा. कळलं?"

"कळलं. आणि मी रोज खोलीबाहेर उभा राहून वास कसा आहे, याची नोंदही ठेवतो."

हे मी उत्साहाच्या भरात बोलून गेलो. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ठेवा."

आता ते गुपित सांगतो. मला वास येत नाही. लग्न ठरायच्या महिनाभर आधी मला जबरदस्त सर्दी झाली. ती आली तशी गेली, जाताना वास घेऊन गेली आणि पुन्हा आणून दिला नाही. हे मी तेव्हाच सांगितलं असतं. पण हिला पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हाच पंचाईत झाली. आम्ही दोघं त्यांच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. तिचे वडील मोकळेपणाने बोलता यावं म्हणून बाहेर अंगणात जाऊन बसले होते. तिची आई दारात नाकाला रुमाल लावून उभी होती. लेक आता परक्या घरी जाणार, म्हणून तिला भरून आलं असावं. कोपऱ्यात कुंडीत कसलंसं मोठं फूल होतं. ही म्हणाली, "तुम्हाला वास येतोय का?"

मी फुलाकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "येतोय ना. अगदी तुमच्यासारखाच आहे."

उभ्या आयुष्यात मी एकच काव्यमय वाक्य बोललो, ते हे. ती माझ्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी होकार आला. त्या वाक्यावर माझा संसार उभा आहे, अशी माझी पक्की समजूत होती, आणि ज्या वाक्यावर संसार उभा आहे ते खोटं होतं हे कोण सांगायला जाईल? तेव्हापासून मी ऑफिसातून घरी आलो की दारातच "वा, काय वास सुटलाय!" म्हणतो. एकदा गॅस संपलेला होता आणि ही झोपली होती, तरी म्हणालो. उरलेलं काम मी लोकांच्या चेहऱ्यांवरून चालवतो. समोरच्याने नाक मुरडलं की मीही मुरडतो, त्याने डोळे मिटून मान डोलावली की मीही डोलावतो. वर्षभर नोंदवहीत रोज एकच नोंद होती. "वास: नाही." अक्षरही चांगलं आहे.

तर त्या खोलीतला सगळ्यात मोठा कंद यंदा पहिल्यांदाच फुलावर आला. नऊ वर्षं तिने त्याला वाढवलं होतं. आम्हाला मूलबाळ नाही, आणि त्या कंदाला ती शाळेतून आल्या आल्या आधी भेटायची, मला नंतर. (माझी तक्रार नाही. क्रम ठरलेला असला की बरं असतं.) मातीतून माझ्या छातीएवढा दांडा वर आला होता आणि भोवती लिव्हरच्या रंगाची एकच मोठी पाकळी गुंडाळलेली होती. असं फूल दोन दिवस टिकतं. त्याला बी धरायचं असेल, तर उमलेल त्याच दिवशी दुसऱ्या फुलाचे परागकण त्याला लावावे लागतात. दुसऱ्या दिवशी लावून उपयोग नसतो. नाही लावले, तर फूल कोमेजतं आणि पुढचं फूल कधी येईल ते कंदालाच माहीत. परागकण तीन तासांवर राहणाऱ्या एका पेन्शनर गृहस्थांकडे होते. आपल्या फुलाचे परागकण त्यांनी फ्रीजमध्ये जपून ठेवले होते, आणि कुरियरवर त्यांचा विश्वास नव्हता.

"उद्या उमलेल असा माझा अंदाज आहे," सकाळी थर्मास पिशवीत घालत ती म्हणाली. "मी सहापर्यंत येते. तुम्ही काही करू नका. फिल्टर सुरू आहे, तसाच राहू द्या. दार उघडू नका. काही करू नका."

"काही करणार नाही."

"खरंच काही करू नका."

तिचे डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल होते. दाराबाहेर जाऊन ती परत आली, मागच्या खोलीचं दार एकदा हाताने चाचपून बघितलं, मला चौथ्यांदा तेच सांगितलं आणि मग गेली. मला तिची दया आली. दया आली की मी काहीतरी करायला जातो, हा माझा जुना दोष आहे.

साडेआठला मी दार उघडून कव्हर काढलं. बादलीत घातल्याबरोबर पाणी काळंकुट्ट झालं. हे दर महिन्याला होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, की ही घाण येते कुठून? कव्हर तर कोळशाच्या अंगावर असतं. म्हणजे मळलेला असणार कोळसा, आणि आपण वर्षभर त्याचे नुसते कपडे धुतोय! आज त्याच्यावर एवढी मोठी कामगिरी येणार आणि तो बिचारा वर्षभराच्या मळात बसलेला. त्याला पाणी लावायचं नाही, असं ती बोलल्याचं मला आठवेना. (ती बोलली नव्हतीच. कोणी असं करेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.)

मी फिल्टर खाली काढला, झाकणाचे स्क्रू सोडवले, सगळा कोळसा बाथरूमच्या टबमध्ये ओतला आणि अंगाच्या साबणाने धुवायला घेतला. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, असं ठरवलं होतं. अकराव्या बादलीला ठरवणं बदललं. तोवर टब काळा, भिंती कमरेपर्यंत काळ्या आणि मी कोपरापर्यंत काळा झालो होतो. मग पलंगावरची पांढरी चादर हॉलमध्ये पसरून त्यावर कोळसा वाळत घातला. तासाभरात तो वाळणार नाही हे मलाही दिसत होतं, पण फिल्टर रिकामा ठेवणं म्हणजे काहीतरी केल्यासारखं झालं असतं. ओलाच भरला. तीन ओंजळी उरल्या, त्या चादरीत गुंडाळून ठेवल्या. कव्हरही ओलंच चढवलं. पंखा बसवताना तो कोणत्या बाजूने होता ते आठवेना. त्याच्यावर एक बाण होता म्हणे, तो माझ्या काळ्या बोटांखाली झाकला गेला असावा. मी पंखा असा बसवला, की कंपनीचं नाव सुलटं वाचता येईल. उलटं नाव मला बघवत नाही.

साडेअकराला दार लावून बाहेरचं बटण दाबलं. पंखा घुमू लागला. भिंतीवरच्या दमटपणाच्या काट्याने ब्याण्णव दाखवलं. साठाच्या आत की साठाच्या वर, हे मी लिहून घेतलेलं नव्हतं. ऑफिसात आकडा वाढलेला दिसला की साहेब खूश होतात, त्या हिशोबाने मीही समाधान मानलं. मग कागदाची परीक्षा घेतली. अंगणातून खिडकीच्या जाळीसमोर एक कागद धरायचा, असं बायकोने शिकवलं आहे. मी धरला, तो फाटकन जाळीला चिकटून बसला. पंखा आजवर इतका जोरात कधीच चालला नव्हता. मी नोंद केली. "फिल्टरची संपूर्ण स्वच्छता केली. पंखा उत्तम. वास: नाही."

बारा वाजता फुलाची पाकळी सुटायला लागली. दार आता पुन्हा उघडायचं नव्हतं, पण दाराला काचेची पट्टी आहे, तिच्यातून दिसलं. मी खुर्ची ओढून तिथेच बसलो. नऊ वर्षांचं काम डोळ्यांसमोर एक एक बोट उलगडत होतं आणि ते बघायला ती नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात वरून काठीने जमीन ठोकल्याचा आवाज आला. मालकीणबाई! बाई ठोकतायत, म्हणजे पंखा कमी पडतोय. मी वेग वाढवला. ठोकणं वाढलं. मी वेग आणखी वाढवला. दोघांचंही टोक गाठून झालं तेव्हा तीन वाजले होते, आणि बायकोचा फोन आला.

"परागकण मिळाले. बसमध्ये बसलेय. कसं आहे?"

"उमलतंय. वीतभर उघडलंय."

"आजच?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "अहो, मी सहाला पोचतेय. तोपर्यंत काही होऊ देऊ नका. फिल्टर चालू आहे ना?"

"फुल स्पीडवर."

"आणि वरून काही?"

"वास अजिबात नाही."

"ते सोडा हो. कागद लावून बघितलात का?"

"बघितला ना. असा घट्ट चिकटला, की ओढून काढावा लागला."

मग ती अगदी हळू म्हणाली, "चिकटला? बाहेर उडाला नाही? अहो, तुम्ही पंख्याला हात..." आणि रेंज गेली.

मी विचार करत होतो, तेवढ्यात दाराची बेल वाजली. पोस्टमन होता. दार उघडल्याबरोबर तो दोन पायऱ्या खाली उतरला आणि तिथूनच हात लांब करून पाकीट देऊ लागला. त्याची नजर माझ्या हातांवर होती. कोपरापर्यंत काळे हात मीही विसरून गेलो होतो.

"बाई नाहीत का घरी?" त्याने विचारलं.

"नाहीत."

"रोज यावेळी..."

"आज रजा घेतलीय तिने. गेली सकाळीच."

त्याने माझ्या खांद्यावरून हॉलमध्ये बघितलं. जमिनीवर काळी पडलेली पांढरी चादर होती आणि तिच्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्याने सही न घेताच पाकीट पायरीवर ठेवलं आणि तो सायकलही न घेता गेला. मी नोंद केली. "पोस्टमन येऊन गेला. घाईत."

दीड तासाने मालकीणबाई हवालदारांना घेऊन आल्या. दोघांच्याही नाकाला रुमाल होते. मी माझ्या सवयीप्रमाणे खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. कोणीतरी गेलं असावं आणि हे त्याचं कळवायला आले असावेत, असं वाटून मी चेहराही लांब केला.

"तुमच्या मिसेस कुठे आहेत?" हवालदारांनी रुमालाआडून विचारलं.

"बसमध्ये."

"फोन लावा."

लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. हवालदारांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग ते बाथरूममध्ये डोकावले आणि बराच वेळ डोकावलेलेच राहिले.

"हे काय धुतलंत?"

"फिल्टर."

"कशासाठी?"

"वास येऊ नये म्हणून."

मालकीणबाईंनी भिंतीचा आधार घेतला. हवालदारांचा आवाज मऊ झाला. लहान मुलाशी बोलावं तसे ते म्हणाले, "हे बघा, शांतपणे सांगा. त्या बंद खोलीत काय आहे?"

"बायकोचं आहे ते. दार उघडायचं नाही, असं तिने जाताना सांगितलंय."

"किती भांडण झालं होतं?"

"भांडण कसलं? नऊ वर्षांत त्या खोलीवरून आमच्यात शब्द झालेला नाही."

हवालदारांनी मला बाजूला केलं आणि दार उघडलं. आता विज्ञान मला नंतर समजलं ते सांगतो. पंखा उलटा होता. तो खोलीतली हवा बाहेर सोडायच्या ऐवजी पाच तास बाहेरची हवा आत भरत होता, आणि खोलीतला वास दाराखालून, फटींतून, छतातल्या नळाच्या पाइपाच्या भोकातून थेट मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात जात होता. वेग मीच वाढवला होता. शिवाय ओल्या कोळशाचा जो भाग पहिल्यांदा वाळला, त्याची भुकटी खोलीभर तरंगत होती. दार उघडल्याबरोबर हे सगळं हवालदारांच्या अंगावर आलं. ते मागे वळले तेव्हा त्यांचे डोळे आणि रुमालाची मागची बाजू एवढंच पांढरं राहिलं होतं.

"हे," ते म्हणाले, "झाड आहे?"

"फूल," मी म्हणालो.

त्यांनी वही मिटली आणि अंगणात जाऊन उलटी केली. त्यांच्याविषयीचा आदर माझ्या मनात कायम आहे. उलटी करून आल्यावर त्यांनी आधी माझ्या बायकोच्या बसचा नंबर विचारला.

मालकीणबाईंना मात्र आता कंठ फुटला. माणूस मेलेला नाही हे कळल्यावर त्यांना जो आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. "मी काय सांगितलं होतं? काढा! आत्ताच्या आत्ता काढा ते अंगणात. हवालदारसाहेब, एक बाजू धरा."

घड्याळात सवापाच झाले होते. मी आयुष्यात कधी कोणाच्या आडवा गेलो नाही. ऑफिसात माझी खुर्चीही लोक विचारून सरकवत नाहीत. पण त्या क्षणी मला सकाळी दार चाचपून बघणारी ती दिसली, आणि मी मागच्या खोलीच्या दारात जाऊन दोन्ही हात चौकटीला लावून उभा राहिलो.

"बाई, ती येईपर्यंत नाही. पाऊण तासाचा प्रश्न आहे. नऊ वर्षं वाट बघितलीय तिने. नंतर आम्हालाही काढा हवं तर."

"पाऊण तास? इथे श्वास घेववत नाहीये! तुम्ही त्या दारात उभे तरी कसे राहिलात?"

"का?"

"का म्हणजे? हा वास..."

"कसला वास?" मी म्हणालो. रुमाल लावायचं मी घाबरून विसरलोच होतो.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. हवालदार जवळ आले, माझ्या डोळ्यांत बघितलं, माझ्या नाकाकडे बघितलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मला वास येत नाही," मी म्हणालो. "बारा वर्षं झाली. कृपा करून हिला सांगू नका."

"तेरा," दारातून आवाज आला.

थर्मास छातीशी धरून बायको उभी होती. अर्ध्या वाटेत बस सोडून ती टॅक्सी करून आली होती. तिने बाथरूमकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, हवालदारांकडे बघितलं. माझ्याकडे सगळ्यात शेवटी.

"कोळसा धुतलात?"

"साबणाने."

तिने डोळे मिटले. मग उघडले आणि मालकीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "मावशी, मला एक तास द्या. तासाने वास राहिला, तर मी स्वतः कुंडी उचलून अंगणात ठेवते."

मालकीणबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. "पाच मिनिटं वर झाली तर बघ," म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता.

मग मी न आवरलेल्या माळ्यावरून बायकोने एक नवा कोरा फिल्टर खाली काढला. वर्ष भरत आलं म्हणून तिने महिन्यापूर्वीच आणून ठेवला होता. पंखा बंद करून तिने परागकणांची कुपी आणि ब्रश घेतला आणि खोलीत पाऊल टाकलं. चार पावलांत तोंडावर हात दाबून बाहेर आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"नाही जमत," ती म्हणाली. "इतका साठलाय... मला नाही जमत."

इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी हात पुढे केला. तिने जरा वेळ माझ्या हाताकडे बघितलं, मग "आधी धुवा" म्हणाली, मग ब्रश दिला.

मी आत गेलो. दांड्याच्या तळाशी मण्यांसारखे शेकडो दाणे असतात, त्या प्रत्येकाला ब्रश टेकवायचा होता. ती काचेपलीकडून सांगत होती, हळू, दाबू नका, मागची बाजू राहिली. मी सतरा वर्षं फायलींच्या कोपऱ्यांवर नंबर टाकतोय. खालच्या ओळीपासून सुरुवात केली, ओळ संपली की पुढची. एकही दाणा सोडला नाही. चाळीस मिनिटं मी त्या फुलाच्या पोटात डोकं घालून होतो आणि मला अगदी घरच्यासारखं वाटत होतं. बाहेर हवालदार बाईंना म्हणाले, "माणूस धीराचा आहे." मी ऐकलं, पण काम सोडलं नाही.

उरलेल्या वीस मिनिटांत तिने नवा फिल्टर टांगला, बाण बघून पंखा बसवला, जोडांवर पट्ट्या चिकटवल्या. अंगणात धरलेला कागद भुर्रकन उडाला. थोड्या वेळाने मालकीणबाईंनी रुमाल खाली केला, दोनदा हुंगलं आणि "गेला" म्हणाल्या. (मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला.) झाडं खोलीत राहिली, पण दोन अटींवर. मी पुन्हा फिल्टरला हात लावायचा नाही, आणि वासाची नोंद यापुढे मालकीणबाई स्वतः करणार. माझी नोंदवही त्या वर घेऊन गेल्या. हवालदारांनी जाताना आपल्या वहीत "मिसेस मिळाल्या" एवढं लिहिलं.

तीन आठवड्यांनी दांड्यावर हिरवे मणी धरले. सगळ्या ओळींत, एकही जागा रिकामी नाही. बायकोने ते तीनदा मोजले आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून थोडी रडली. मला इतका आनंद झाला, की त्या आनंदात मी इतके दिवस टाळलेला प्रश्न विचारून टाकला.

"तुला कधी कळलं गं?"

"पहिल्याच दिवशी."

"पहिल्या? तेव्हा तर मी फक्त एकच वाक्य बोललो होतो."

"हो ना. कोपऱ्यात माझा पहिला कंद उमलला होता त्या दिवशी. आई म्हणत होती, पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात बोलाव. बाबा तर अंगणातून आत यायलाच तयार नव्हते."

मला तो रुमाल आठवला. मला ते अंगण आठवलं. मी जपून विचारलं, "वास कसला होता?"

"मेलेल्या उंदराचा. दोन-तीन दिवस झालेल्या."

मी माझं वाक्य मनात एकदा म्हणून बघितलं. मग आणखी एकदा. मालकीणबाई वरून खाली येत होत्या, त्यांची नोंदीची वेळ झाली होती.

"आणि तरीही तू हो म्हणालीस?"

"आईने पण हेच विचारलं," मणी पुन्हा मोजत ती म्हणाली. "मी म्हटलं, हाच बरा. याच्यासाठी फिल्टर लावावा लागणार नाही."